लाइट गेली नव्हती

२००६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. शनिवार होता, संध्याकाळी सात वाजून गेले होते. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत एक सायबर कॅफे होता. दहा संगणक, दोन संगणकांच्या मध्ये प्लायवुडचा आडोसा, आणि वर पत्रा, ज्यावर पाऊस पडला की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. तिथे बसून मी चार माणसांना फसवलं. त्यांपैकी तिघांची खरी नावं मला आजही माहीत नाहीत. चौथा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं मी एका खेळाच्या शोधात होतो. एकट्याने खेळायचा, पण हजारो माणसांबरोबर ऑनलाइन खेळल्यासारखा वाटेल असा खेळ. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो की नोकरी आहे, घर आहे, ठरलेल्या वेळी ऑनलाइन बसणं जमत नाही, म्हणून एकट्याचा खेळ बरा. हे कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. ते आज लिहितो आहे.

आमचं घर उज्जैनमधलं जुनं मराठी घर. शिंदेशाहीच्या काळात इकडे आलेली आणि इथलीच झालेली जी घरं आहेत, त्यांतलं एक. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की हिंदी आणि मालवी. कॉलेजात असताना माझा सगळा दिवस संध्याकाळची वाट बघण्यात जायचा. टावर चौकात दिवे लागले, खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी झाली, की मी आणि माझा मित्र त्या गर्दीतून वाट काढत कॅफेत शिरायचो. आम्ही ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ खेळायचो. दक्षिण कोरियातल्या ग्रॅव्हिटी या कंपनीने ली म्योंग-जिन या चित्रकथाकाराच्या मालिकेवरून बनवलेला, २००२ साली कोरियात सुरू झालेला हा खेळ. त्या काळात भारतासाठी त्याचा वेगळा सर्व्हर होता. त्यामुळे समोर दिसणाऱ्या बुटक्या, मोठ्या डोळ्यांच्या पात्रामागे कोणी भोपाळचा असे, कोणी चेन्नईचा, कोणी नागपूरचा.

त्या खेळातलं मोठं शहर म्हणजे प्रोंटेरा. तिथल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना खेळाडू आपापली दुकानं मांडून बसलेले असत. ही खरी माणसांची दुकानं. मालक जेवायला गेलेला असे आणि त्याचं पात्र दुकान सांभाळत बसलेलं असे. टावर चौकातून आत यायचं आणि प्रोंटेराच्या चौकात उतरायचं, यात मला तेव्हा फारसा फरक वाटायचा नाही. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे ओळखीची माणसं, आणि दोन्हीकडे मी नसलो तरी सगळं चालूच राहणार याची खात्री.

मी प्रीस्ट होतो. लढायचं नाही, लढणाऱ्यांना सांभाळायचं. कोणाला लागलं की बरं करायचं, कोणी पडलं की निळा खडा खर्चून त्याला पुन्हा उठवायचं. चॅटमध्ये आम्ही रोमन लिपीत मराठी लिहायचो. त्यातूनच नाशिकचा एक नाइट भेटला. तो मला ‘गुरुजी’ म्हणू लागला, मी त्याला ‘सरदार’. मग पुण्याची एक जादूगारीण आली, नागपूरचा एक लोहार आला. माझा मित्र हंटर होता, धनुष्यबाण चालवायचा. तो हिंदीभाषक, पण आमचं मराठी त्याला सगळं समजायचं. असे आम्ही पाच जण. शनिवारी संध्याकाळी सातला जमायचं हे कोणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं होतं.

सरदारशी माझं विशेष जमायचं. त्याच्या गावी गोदावरी, माझ्या गावी क्षिप्रा, आणि दोन्हीकडे बारा वर्षांनी सिंहस्थ. नाशिकचा नुकताच २००३ मध्ये झाला होता, आमचा २००४ मध्ये. तो म्हणायचा, “२०१५ ला तुम्ही आमच्याकडे या गुरुजी, २०१६ ला मी तुमच्याकडे येतो.” वीस-बावीस वर्षांच्या पोरांना दहा वर्षं पुढचं काही दिसत नसतं, म्हणूनच बहुधा ती इतक्या सहज असं बोलतात.

त्या शनिवारी आम्ही आल्डेबारानला गेलो होतो. कालव्यांचं गाव, आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. मनोऱ्याच्या आत मजल्यामागून मजले, आणि तिथे चालती-फिरती घड्याळं अंगावर येतात. टावर चौकातल्या मुलाला ही जागा आवडावी यात नवल नाही. आमच्या चौकातही मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. शिवाय उज्जैन हे वेळेचंच गाव. जुन्या भारतीय ज्योतिषगणिताची मध्यरेषा इथून धरलेली, सवाई जयसिंहाने बांधलेली वेधशाळा इथे आहे, तिची १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करवली. सरदार चॅटमध्ये लिहायचा, “गुरुजी, आज तुमच्या गावाला जाऊया,” आणि आम्ही आल्डेबारानला जायचो.

त्या दिवशी आम्ही जरा जास्तच वर चढलो. एका वळणावर घड्याळांचा घोळका अंगावर आला. सरदार पुढे उभा राहिला, कारण तेच त्याचं काम. मी त्याच्यावर उपचार करत राहिलो, पण पुरा पडलो नाही. आधी तो पडला, मग लोहार, मग जादूगारीण. मी आणि हंटर मागे पळालो, वळणापलीकडे गेलो. तिघं पडलेली जागा आता आमच्या पडद्यावर दिसत नव्हती, आणि आम्ही त्यांना दिसत नव्हतो. मागून आलेली घड्याळं हंटरने एकेक करून पाडली. शेवटचं पडलं आणि जमिनीवर एक कार्ड उरलं.

ज्यांनी तो खेळ खेळला आहे त्यांना कार्ड म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: मूळ खेळात बहुतेक कार्डं दहा हजार राक्षस मारल्यावर सरासरी एकदा मिळायची. महिनोन् महिने खेळूनही न मिळालेले लोक होते. आमच्या पार्टीत वस्तू कोणीही उचलावी आणि नंतर विकून पैसे पाच जणांत वाटावेत, असं ठरलेलं होतं.

मी कार्ड उचललं. इथपर्यंत काही चुकलं नव्हतं. चॅटमध्ये सरदारचा मजकूर आला: “गुरुजी, उठवा हो.” पाठोपाठ जादूगारिणीचा: “आम्ही इथेच पडलोय, येताय ना?” माझ्याकडे निळे खडे होते. चार पावलं चालून वळण ओलांडायचं, तीनदा एक कळ दाबायची, एवढंच काम होतं. मी पडद्याकडे पाहत होतो आणि मनात भागाकार करत होतो: अख्खं कार्ड आणि कार्डाचा पाचवा हिस्सा. तो भागाकार करायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. पण तो करताना हात थरथरत नव्हता हे नक्की आठवतं. रागाच्या भरात किंवा भीतीने माणूस चुकतो, त्याला निदान त्या भराचा आधार असतो. मला तो नाही. मी शांतपणे फुलपाखराचा पंख वापरला, ज्याने पात्र क्षणात मनोऱ्यातून सुरक्षित गावात जातं, आणि खेळ बंद केला.

आडोशाच्या वरून मित्र माझ्याकडे पाहत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. कार्ड त्याच्याच बाणाने पडलेलं होतं. तो काही बोलला नाही. वळून त्याने आपल्या पडद्याकडे पाहिलं, तिथे तिघांचे मजकूर येतच होते. मग त्यानेही खेळ बंद केला. त्याने तसं का केलं हे मला लगेच कळलं आणि मी कळल्याचं दाखवलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे वीज जाणं रोजचं होतं. मी उद्या काय सांगणार हे त्याने ओळखलं होतं. एकाच कॅफेतून खेळणाऱ्या दोघांपैकी एकाचीच लाइट जाऊ शकत नाही.

आम्ही टावर चौकापर्यंत बरोबर चालत आलो. पाऊस थांबला होता, गाड्यांवरचे स्टोव्ह पुन्हा पेटत होते. एरवी आम्ही तिथे काहीतरी खाऊन घरी जायचो. त्या दिवशी तो म्हणाला, “चलता हूँ,” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी चॅटमध्ये लिहिलं, “लाइट गेली होती.”

सरदारचं उत्तर आलं: “वाटलंच आम्हाला. पंचवीस मिनिटं पडून होतो. म्हटलं, लाइट आली की गुरुजी येतील उठवायला.”

त्यांना तसं पडून राहायची गरज नव्हती. एक कळ दाबली की पडलेलं पात्र गावात परत जातं. ते थांबले, कारण मी परत येईन असं त्यांनी धरलं होतं. जादूगारिणीने विचारलं, “हंटरची पण गेली असणार, एकाच कॅफेत ना तुम्ही?” माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने एकच शब्द टाइप केला: “हाँ.”

मी ते कार्ड गुपचूप विकलं. आलेल्या पैशांतून प्रीस्टसाठी अंगरखा आणि ढाल घेतली. पुढच्या शनिवारी सरदारने विचारलं, “नवा अंगरखा? छान दिसतोय, गुरुजी.” त्यानंतर मी दोनदाच गेलो. मग परीक्षा आहे असं सांगितलं, आणि परीक्षा संपल्यावरही गेलो नाही. मित्राने कॅफेत येणं माझ्याआधीच सोडलं होतं. पुढे काही वर्षांनी भारतातला तो सर्व्हर बंद झाला. अंगरखा गेला, ढाल गेली, आणि त्याबरोबर त्या तिघांपर्यंत पोचायची एकमेव वाटही गेली. आमच्याकडे एकमेकांचे फोन नंबर नव्हते. लागतील असं कधी वाटलंच नव्हतं.

मग माझा शोध सुरू झाला.

पहिल्या नोकरीत असताना एका सहकाऱ्याचा प्लेस्टेशन २ काही महिने माझ्याकडे होता. त्यावर २००६ सालचा ‘फायनल फँटसी १२’ खेळलो. त्यात सोबत्यांना नियम लिहून देता येतात. खेळात त्याला गॅम्बिट म्हणतात. सोबत्याची ताकद ७० टक्क्यांखाली गेली की उपचार कर, सोबती पडला की उठव. एकदा ओळ लिहून ठेवली की पात्र ती पाळतं, कधी चुकत नाही. मी जे काम हाताने करायचो ते इथे दीड ओळीत मावलं होतं. मला तेव्हा ते फार आवडलं. मी मित्रांना सांगत फिरलो की ऑनलाइन खेळाची सगळी मजा यात आहे आणि माणसांचा त्रास नाही. ‘माणसांचा त्रास’ हे शब्द मी वापरले होते. त्रास कोणी कोणाला दिला होता हे मला माहीत होतं.

त्याच यंत्रावर ‘डॉट हॅक’ ही चार भागांची जपानी मालिका मिळाली. तिची कल्पना आजही मला थोर वाटते. तुम्ही ‘द वर्ल्ड’ नावाच्या एका काल्पनिक ऑनलाइन खेळाचे खेळाडू असता. खेळातच एक खोटा संगणक, त्यावर खोटे ईमेल येतात, खोटे खेळाडू गावात गप्पा मारतात. नायकाचा मित्र खेळता खेळता बेशुद्ध पडतो आणि खऱ्या आयुष्यातही शुद्धीवर येत नाही. त्याला जागं करायला नायक चार भाग धडपडतो. पडलेल्या मित्राला उठवायची इतकी लांबलचक गोष्ट मी रात्र रात्र जागून खेळलो, आणि तिचा माझ्याशी काही संबंध आहे हे एकदाही मनात येऊ दिलं नाही. माणूस स्वतःपासून किती काळ तोंड लपवू शकतो याचा अंदाज मला तेव्हा आला असता, पण आला नाही.

२०१२ मध्ये ‘किंग्डम्स ऑफ अमलूर’ आला. तो बनवणाऱ्या कंपनीला खरं म्हणजे त्याच जगात एक प्रचंड ऑनलाइन खेळ काढायचा होता. तो निघण्याआधीच, त्याच वर्षी कंपनी बुडाली. त्यामुळे अमलूरचं जग मोठं, गावं मोठी, कामं शेकडो, रस्ते रुंद, आणि त्यांवर फक्त तुम्ही. लग्नासाठी मांडव घातलेला आणि वऱ्हाड आलंच नाही, असं मला तिथे वाटायचं. २०१४ च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्येही तेच. हिंटरलँड्स नावाच्या पहिल्याच मोठ्या प्रदेशात मी कित्येक आठवडे वनस्पती गोळा करत फिरलो. ऑनलाइन खेळात असली कामं कंटाळवाणी नसतात, कारण शेजारी दुसरा कोणी तेच करत असतो आणि दोघं बोलत असतात. इथे सोबती होते, अधूनमधून सुंदर बोलायचेही. पण त्यांचं बोलणं आधी लिहून ठेवलेलं होतं. माझ्या वाट्याला ते ऐकणं होतं.

या काळात मी रिचर्ड बार्टल यांचं १९९६ सालचं लिखाण वाचलं. रॉय ट्रबशॉ या सहकाऱ्याबरोबर १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात अनेकांनी मिळून खेळायचं पहिलं अक्षरी जग बनवणारे ते हे बार्टल. त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार केले आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. गुण आणि धन जमवणारे ते चौकट. जग उकरून पाहणारे इस्पिक. माणसांसाठी येणारे बदाम. आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे किलवर. मी स्वतःला कायम बदाम समजत आलो होतो. गुरुजी, सगळ्यांना सांभाळणारा. पण त्या शनिवारी वळणापलीकडे उभा राहून मी कोणता रंग ठरलो हे मला कागदावर दिसलं. मी ते वाचन तिथेच थांबवलं आणि पुढचा खेळ शोधायला लागलो.

२०१६ च्या सुरुवातीला ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ संगणकावर आला. मूळ खेळ २०१२ चा. मी खेळलेल्यांत मला हव्या त्या खेळाच्या सर्वांत जवळ नेणारा हाच. यात तुम्ही एक सोबती घडवता. त्याला पॉन म्हणतात. तुम्ही झोपलेले असता तेव्हा जगातले दुसरे खेळाडू तुमचा पॉन आपल्या जगात बोलावून घेतात आणि परत पाठवताना त्याच्या हाती भेटवस्तू देऊ शकतात. कोणी अनोळखी माणूस माझ्या पॉनबरोबर डोंगर चढला आणि जाताना त्याच्या पिशवीत औषध ठेवून गेला, हे सकाळी उठून पाहताना मला भरून यायचं. भेट नाही, बोलणं नाही, तरी माणूस आहे. मला वाटलं, शोध संपला. पण काही महिन्यांनी मला जाणवलं की मला तो का आवडतो. त्यात कोणी माझी वाट पाहत नव्हतं. मी आलो नाही म्हणून कोणी कुठे पडून राहणार नव्हतं. मला माणसांची ऊब हवी होती आणि त्यांचा माझ्यावरचा हक्क नको होता.

त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सिंहस्थ भरला. सगळ्या देशातून माणसं येत होती. टावर चौकात रात्री उशिरापर्यंत पाय ठेवायला जागा नसे. एका रात्री कामावरून येताना मी तिथे थांबलो. शेजारून एक कुटुंब मराठीत बोलत गेलं, बाप मुलाला सांगत होता की आपल्या नाशिकला याहून जास्त गर्दी होती. माझ्या वयाचा माणूस. मी त्याच्यामागे थोडं अंतर चाललो. काय विचारणार होतो? तुम्ही कधी नाइट होतात का? मी थांबलो, तो गर्दीत गेला. तो सरदार असण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. पण दहा वर्षांपूर्वी दिलेला शब्द त्याने पाळला असेल आणि तो याच गावात असेल, हे त्या दोन महिन्यांत मी रोज मनात आणत होतो. नाव विचारून ठेवलं असतं तर, असं वाटे. मग आठवे की नाव माहीत असतं तरी मी हाक मारली नसती.

पुढे २०१८ चा ‘क्रॉसकोड’ खेळलो. जर्मनीतल्या छोट्या चमूने बनवलेला. त्याची नायिका एका काल्पनिक ऑनलाइन खेळात वावरते, पण तिची वाचा गेलेली असते, तिला मोजकेच शब्द बोलता येतात. तिच्या भोवतीचे ‘खेळाडू’ लिहिलेलेच आहेत, पण ते इतके जिवंत आहेत की कोणी जेवायला जातो, कोणाला लवकर झोपायचं असतं. ते तिला आपल्या गटात घेतात. ती अडकली, नाहीशी झाली, की त्यांना काळजी वाटते, आणि तिला ती का नाहीशी झाली हे सांगता येत नाही. मला वाचा होती आणि मी ती ‘लाइट गेली होती’ या तीन शब्दांसाठी वापरली होती.

शेवटचा खेळ २०२५ मधला, ‘एरेनशॉर’. तेव्हा तो पुरा झालेला नव्हता, पण विक्रीला आला होता. एकट्यासाठी बनवलेला हुबेहूब जुना ऑनलाइन खेळ. गावात डझनावारी खेळाडू हिंडतात, बढाया मारतात, वस्तू विकतात, गट करतात, तुमच्याबरोबर वाढत जातात. त्यांतला एकही खरा नाही. मी वीस वर्षं जे मागत होतो ते नेमकं हेच. पहिल्या आठवड्यात मी फार खूश होतो. मग एका रात्री गुहेत लढाई चालू असताना घरातून हाक आली आणि मी खेळ तसाच बंद करून उठलो. दुसऱ्या दिवशी उघडला, गट पुन्हा जमवला. कोणी काही विचारलं नाही. माझ्या जाण्याचा त्यांच्यावर काही ओरखडा नव्हता.

मला त्या क्षणी सरदारचा मजकूर आठवला. वाटलंच आम्हाला. पंचवीस मिनिटं पडून होतो. मला जे वीस वर्षं कुठल्याच खेळात सापडत नव्हतं ते हे होतं. गर्दी बनवता येते, गप्पा लिहिता येतात, दुकानं मांडता येतात. पण माझी वाट पाहणारा माणूस लिहून ठेवता येत नाही, आणि तोच मी सोडून आलो होतो.

मित्राचं फ्रीगंजमध्येच मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इतक्या वर्षांत लग्नकार्यात, श्रावणातल्या महाकालाच्या सवारीत आमची गाठ पडायची. नमस्कार व्हायचा, मुलांची चौकशी व्हायची, आणि दोघंही पुढे जायचो. त्या आठवड्यात मी त्याच्या दुकानात गेलो. तो भिंग लावून कुठल्याशा फोनची पट्टी जोडत होता. मी म्हणालो, “उस दिन लाइट नहीं गई थी.”

त्याने मान वर केली नाही. पट्टी बसवली, चिमटा खाली ठेवला, मग म्हणाला, “मालूम है.” थोडा वेळ गेला. “कार्ड का मुझे बुरा नहीं लगा था. ले लेता तू. पर वो तीनों पड़े थे. मैं उठा नहीं सकता था, वो काम तेरा था. और फिर मुझसे भी झूठ बुलवाया.”

मी त्याच्याकडून त्या तिघांची माफी मागितली नाही, कारण ती देणं त्याच्या हातात नव्हतं. त्याची मागितली. तो म्हणाला, “ठीक है.” आणि गिऱ्हाईक आलं.

‘रॅग्नारोक’ अजून चालू आहे. मी एका परदेशी सर्व्हरवर नवं पात्र काढलं आहे. प्रीस्ट होण्याआधीची पायरी, अ‍ॅकोलाइट. त्याला अजून कोणाला उठवता येत नाही, ती विद्या बरीच पुढे आहे. त्या खेळात एक जुनी सोय आहे: पात्र एका जागी बसवून चॅटची खोली उघडता येते आणि तिचं नाव डोक्यावर पाटीसारखं झळकतं. दर शनिवारी सातला मी आल्डेबारानच्या मनोऱ्यापाशी बसतो आणि पाटी लावतो. रोमन लिपीत, आम्ही लिहायचो तशी: लाइट गेली नव्हती.

आजवर कोणी आलेलं नाही. वाटेने जाणारे थांबतात, पाटी वाचतात, भाषा कळत नाही, निघून जातात. मी पंचवीस मिनिटं बसतो. दुसरं काही उघडत नाही, फोन बघत नाही, नुसता त्या पडद्याकडे पाहतो. दहाव्या मिनिटाला वाटतं की आता पुरे. पंधराव्या मिनिटाला पाठ अवघडते. विसाव्या मिनिटाला मनोऱ्याच्या बाजूने कोणी येताना दिसलं की आपोआप सावरून बसतो.